मुंबई पोलिसांचा कर्ता अधिकारी : चार्ल्स फोर्जेट

मुंबई शहराच्या ताडदेव भागात फोर्जेट स्ट्रीट नावाचा एक रस्ता आहे. त्या रस्त्याने रोज हजारो माणसे जातात-येतात. परंतु फोर्जेट हा कोण होता, त्याने या शहरासाठी काय केले व काय त्याच्या हातून घडले, हे शंभरांत एखाद्यास ठाऊक असेल तर असेल. मुंबईतील कित्येक रस्त्यांची इंग्रजी नावे स्वातंत्र्यानंतर बदलली. हे नाव मात्र लोकांच्या तोंडी टिकून राहिले. ज्याचे नाव टिकते त्याचे चरित्रही ठाऊक असावे, म्हणजे त्याला मान किती द्यावा आणि जाब कोणता विचारावा, हे ज्याचे त्याला ठरविता येते. याच हेतूने प्रस्तुत लेखात त्या अधिकाऱ्याची हकीकत आपल्या ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

आपल्या स्मरणिकेत एका परक्या राज्याच्या पोलीस अधिकाऱ्याचे चरित्र कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर मुंबईच्या पोलीस खात्याच्या जन्मकथेतच आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई बेट इंग्रजांच्या कंपनीकडे आले, तेव्हा त्या ओसाड बेटावर चोर-दरवडेखोरांचा सुळसुळाट असे. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर याने बंदोबस्तासाठी जे दल उभे केले ते आपल्याच भंडारी ज्ञातीतील माणसांचे होते. सुमारे ६०० माणसांचे हे दल भंडारी मिलिशिया या नावाने इतिहासात नोंदलेले आहे. माहीम, शिव आणि शिवडी येथे त्याची ठाणी होती व त्यांवर सुभेदार असत. आजच्या मुंबई पोलीस दलाचा उगम याच दलात आहे, असे सर्वमान्य आहे. माडावर चढणारे, समुद्राची भीती न बाळगणारे आपले पूर्वज हातात काठी व भाला घेऊन रात्री बेटावर गस्त घालीत होते. तेव्हा ज्या झाडाचे बी आपल्या पूर्वजांनी पेरले त्या झाडाला पुढे कोणी वाढविले, हे जाणून घेणे आपल्या कुळाचा इतिहास वाचण्यासारखेच होय.

मधल्या काळात या झाडाला कीडही बरीच लागली. १७७९ साली जेम्स टॉड नावाच्या अधिकाऱ्याची पोलिसांचा प्रमुख म्हणून नेमणूक झाली. परंतु पुढे लाचलुचपतीच्या आरोपावरून त्याच्यावर खटला होऊन १७९० साली त्याला काढून टाकावे लागले. प्रमुखच असा, मग हाताखालच्या शिपायांची गोष्ट काय बोलावी! त्यानंतर अधिकारी बदलले, हुद्द्यांची नावे बदलली, पण लोकांचा विश्वास काही बसला नाही. १८३२ साली पोलिसांनी भटकी कुत्री मारण्यास आरंभ केला, म्हणून पारशी समाज खवळला व शहरात मोठा दंगा झाला. १८५१ साली पारशी व मुसलमान यांच्यामध्ये दंगल पेटली. प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसून आली, ती ही की, पोलिसांना शहराच्या मनात काय चालले आहे याचा पत्ताच नसे. दंगा झाल्यावर ते जागे होत, आणि शेवटी लष्कर बोलवावे लागे. १८४९ च्या गणतीत मुंबईची वस्ती साडेपाच लाखांहून अधिक भरली होती. एवढे शहर नुसत्या दंडुक्याच्या जोरावर सांभाळणे अशक्य होते. त्याला शहराची भाषा समजणारा माणूस हवा होता.

असा माणूस १८५५ साली लाभला, तोच हा चार्ल्स फोर्जेट. तो विलायतेत जन्मलेला गोरा नव्हे. त्याचे घराणे युरेशियन, म्हणजे ज्यांना पुढे अँग्लो-इंडियन म्हणू लागले त्या मिश्र वंशातले. वडील मद्रासच्या तोफखान्यात नोकरीस होते. मुलाचे बालपण व शिक्षण याच देशात झाले. त्या काळी मोठमोठ्या जागा विलायतेहून नेमून येणाऱ्या सनदी अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या असत. या देशात वाढलेल्या मिश्र रक्ताच्या तरुणाला त्या दारातून सहसा प्रवेश मिळत नसे. फोर्जेटलाही खालच्या पायरीपासूनच चढावे लागले.

त्याने चढलेल्या पायऱ्या पाहण्यासारख्या आहेत. आरंभी तो जमिनीच्या मोजणी खात्यात होता. या कामात माणसाला गावोगाव पायी हिंडावे लागते, पाटील-कुलकर्ण्यांशी बोलावे लागते, कोणता नाला कोठे वळतो आणि कोणाचा बांध कोणी सरकविला हे डोळ्यांनी पाहावे लागते. त्यानंतर तो मराठी व हिंदुस्थानी या भाषांचा सरकारी भाषांतरकार झाला. पुढे शेरीफच्या हुद्द्याचे काम, पुणे शहराच्या पोलिसांचे प्रमुखपद, मग न्यायखात्यात साहाय्यक न्यायाधीशाचे काम, आणि नंतर दक्षिण महाराष्ट्राच्या मुलखात, म्हणजे बेळगाव-धारवाडकडच्या प्रदेशात, पोलीस सुपरिंटेंडेंटची जागा, असा त्याचा प्रवास झाला. मोजणीदाराने मुलूख पाहिला, भाषांतरकाराने माणसांची बोली ऐकली, न्यायाधीशाने साक्षीदार खरे केव्हा बोलतो व खोटे केव्हा बोलतो ते जोखले, आणि पोलीस अधिकाऱ्याने या तिन्ही विद्या एकत्र वापरल्या. त्याची पुढली सारी कर्तबगारी या शिदोरीवर उभी होती.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. कित्येक गोरे अधिकारी आयुष्यभर या देशात राहूनही दुभाष्याच्या कानांनी ऐकत आणि शिरस्तेदाराच्या डोळ्यांनी पाहत. दुभाषा जे सांगेल ते खरे, आणि जे लपवील ते जगात नाहीच! फोर्जेटला मधला माणूस लागत नसे. बाजारातील मराठी, मोहल्ल्यातील हिंदुस्थानी, शिपायांच्या बराकीतील बोली, या सर्व त्याला घरच्यासारख्या अवगत होत्या. त्याचा वर्णही सावळा. देशी पोषाख घातला म्हणजे तो कोणी साहेब आहे असे ओळखू येत नसे. वेष बदलून रात्री शहरात हिंडणे हा त्याचा नेमच होता. दुकानाच्या फळीवर, धर्मशाळेच्या ओसरीवर बसून तो चार माणसांच्या गप्पा ऐके, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत बसून त्याप्रमाणे बंदोबस्त करी. चोराचिलटांना वाटे, याला काही जादूटोणा वश आहे.

याविषयी एक आख्यायिका मुंबईत फार प्रसिद्ध होती. तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी म्हणे फोर्जेटशी पैज लावली की, आपल्या बंगल्याभोवती पहारा असताना ओळख न पटता आत येऊन दाखवावे. पहारेकऱ्यांस सक्त ताकीद दिली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हर्नरसाहेबांच्या निजण्याच्या खोलीत झाडूवाला आला, आणि तोच फोर्जेट निघाला! आख्यायिका म्हटली म्हणजे तीत थोडे मीठमसाल्याचे काम असावयाचेच. तथापि झाडू मारणाऱ्याच्या तोंडाकडे कोणी पाहत नाही, म्हणून त्याला कोणताही दरवाजा बंद नसतो, ही गोष्ट हेरणारा माणूस आपल्या समाजाची रचना किती बारकाईने ओळखून होता, हे तीवरून दिसते. त्या पैजेत फोर्जेट जिंकला खरा, पण लाज वाटावी ती आपल्याला.

दोनच वर्षांनी, १८५७ च्या मे महिन्यात, मेरठला ठिणगी पडली आणि उत्तर हिंदुस्थान पेटले. दिल्ली, कानपूर, लखनौ येथील बातम्या मुंबईला येऊन धडकू लागल्या. श्रीमंत नानासाहेब पेशव्यांचे नाव महाराष्ट्रात जादूसारखे काम करील, अशी सरकारला धास्ती होती, आणि ती निराधार नव्हती. मुंबईत त्या वेळी देशी शिपायांच्या तीन पलटणी होत्या; गोरे सैनिक मात्र सुमारे ४०० एवढेच. लष्कराचा प्रमुख ब्रिगेडियर शॉर्ट याचा आपल्या देशी शिपायांवर भरवसा होता. त्याला भय वाटे ते शहरातील लोकांचे. फोर्जेटचे मत नेमके उलट होते. शहरातील व्यापारी, उदमी व कष्टकरी लोक आपणहोऊन उठणार नाहीत; धोका आहे तो पलटणींत, आणि पलटणी उठल्या तरच शहरातील मंडळी त्यांना मिळतील, असे तो म्हणे. त्याचे हे मत तर्काचे नव्हते, कानांनी ऐकलेले होते. तो रोज रात्री वेषांतर करून हिंडत होता. बंडवाल्यांच्या विजयाचा कोणी उघड आनंद मानताना आढळला की तो शीळ घाली, आणि जवळपास दबून बसलेले त्याचे शिपाई त्या माणसाला उचलून नेत. थोड्याच दिवसांत बाजारातील बोलणे बंद झाले; भिंतीलाही कान असतात ही म्हण मुंबईकरांनी त्या पावसाळ्यात अक्षरशः अनुभवली.

याच काळात संशयाचे वारे किती वेडेवाकडे वाहत होते, याचे एक उदाहरण आपल्या माणसाचे आहे. मुंबईच्या शिक्षणाचे व सार्वजनिक जीवनाचे आद्य प्रवर्तक नाना शंकरशेट, म्हणजेच जगन्नाथ शंकरशेट, यांच्यावरसुद्धा बंडवाल्यांशी संधान बांधल्याचा संशय काही गोऱ्या मंडळींनी घेतला. ज्यांनी १८५२ साली बॉम्बे असोसिएशन स्थापन करण्यात पुढाकार घेतला, ज्यांनी रेल्वे आणण्यात भाग घेतला, त्यांची ही संभावना! चौकशीअंती त्यात काहीही तथ्य आढळले नाही आणि नाना त्या संकटातून निष्कलंक बाहेर पडले. घाबरलेल्या राजवटीत अफवा हीच साक्ष ठरू लागते. अशा वेळी निखाऱ्यातून राख वेगळी करणारे डोके कचेरीत नसते, तर उत्तर हिंदुस्थानात कित्येक निरपराध्यांचे जे झाले ते मुंबईतही होण्यास वेळ लागला नसता.

१८५७ च्या ऑगस्टअखेर मोहरम आला. मोहरमचे दिवस म्हणजे पोलिसांना दरवर्षीच डोळ्यात तेल घालून काढावे लागणारे. ब्रिगेडियरने असा बेत केला की, मूठभर गोरे सैनिक व गोरे पोलीस शहरात जागोजाग वाटून ठेवावेत. फोर्जेटने त्याला विरोध केला. पलटणी उठल्या तर विखुरलेली माणसे निरुपयोगी ठरतील; पोलीस एकत्र व हाताशी असले पाहिजेत, असे त्याने गव्हर्नरास सांगितले. लष्कराच्या हुकमापुढे त्याचे चालेना, तेव्हा वेळ आली तर आपण हुकूम मोडू, हेही त्याने वरिष्ठांच्या कानांवर अगोदरच घातले. हुकूम गुपचूप मोडून नंतर सबबी सांगणारे पुष्कळ असतात. आपली जबाबदारी आधी सांगून मग पाऊल उचलणारे थोडे. जवळजवळ ५० गोऱ्या घोडेस्वारांची एक तुकडी त्याने आपल्या हाताशी तयार ठेवली.

मोहरम शांततेत पार पडणार असे वाटत असताना अखेरच्या दिवसांत एक क्षुल्लक घटना घडली. देशी पलटणीतील एका ख्रिस्ती ढोलवाल्याने दारूच्या नशेत हिंदूंच्या एका मिरवणुकीत शिरून देवाच्या मूर्तीचा अपमान केला. पोलिसांच्या शिपायांनी त्याला पकडून चौकीत कोंडले. ही बातमी लागताच त्याच्या पलटणीतील शिपाई धावून आले. त्यांनी चौकी फोडली, ढोलवाल्याला सोडविले आणि पोलिसांनाच मारहाण करून आपल्या बराकीकडे ओढून नेले. पोलिसांच्या सुटकेसाठी गेलेल्या तुकडीवरही त्यांनी हल्ला केला. फोर्जेटला वर्दी मिळताच स्वारांना मागोमाग येण्यास सांगून तो एकटाच घोडा फेकीत बराकीवर जाऊन पोचला. तेथे शिपाई बाहेर पडण्याच्या तयारीत होते व त्यांचे गोरे अधिकारी उपसलेल्या तलवारींनिशी त्यांना कसेबसे अडवून धरीत होते. फोर्जेटला पाहताच शिपायांचा क्षोभ आणखी वाढला. तो मात्र हलला नाही. त्याने अधिकाऱ्यांस व शिपायांस बजावले की, एक पाऊल पुढे पडले तर थोड्याच मिनिटांत आपले स्वार येथे असतील आणि मग दया होणार नाही. तितक्यात घोड्यांच्या टापा ऐकू आल्या आणि शिपाई मागे हटले. तो क्षण टळला नसता तर त्या रात्री मुंबईत रक्ताचा पूर आला असता.

या प्रसंगानंतर त्याने पोलीस कचेरीच्या आवारात फाशीचा खांब उभा केला, आणि शहरातील ज्यांच्याविषयी संशय होता अशा वजनदार मंडळींना बोलावून तो दाखविला. गडबड झाल्यास येथे कोणाचीही गय होणार नाही, असा त्याचा अर्थ होता. खांबाचा उपयोग करण्याची वेळ आली नाही. तरीही खटला नाही, पुरावा नाही, आणि आधीच फास दाखवावयाचा, ही रीत न्यायाची नव्हे, धाकाची आहे. तो स्वतः कधीकाळी न्यायासनावर बसलेला होता, म्हणून तर ही गोष्ट अधिक खटकते. त्याच्या धैर्याचे कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

मोहरमचा बेत फसला तरी कट मोडला नव्हता. सोनापूर भागात गंगाप्रसाद नावाचा एक गृहस्थ राहत असे. त्याच्याकडे देशी पलटणींतील काही शिपाई रात्री जमतात, अशी बातमी फोर्जेटच्या कानी आली. त्याने गंगाप्रसादला रात्रीच गुपचूप उचलून आणले आणि दमदाटी करून त्याच्याकडून सारा भेद काढून घेतला. पुढल्या बैठकीच्या वेळी फोर्जेट शेजारच्या खोलीत जाऊन बसला. भिंतीला भोके पाडून त्यांतून तो सर्व पाहत व ऐकत होता. नुसते आपण ऐकून भागणार नाही, लष्कराचे अधिकारी त्यावर विश्वास ठेवणार नाहीत, हे त्याने ताडले. म्हणून मरीन बटालियनचा प्रमुख मेजर बॅरो यालाही त्याने सोबत नेले. आपल्याच पलटणीतील विश्वासू माणसे समोर बसून कटाची बोलणी करीत आहेत, हे पाहून तो मेजर थक्क झाला. दिवाळीच्या सुमारास, शहर सणाच्या धामधुमीत असताना उठाव करावयाचा, शहरातील द्रव्य हस्तगत करावयाचे आणि तेथून पुण्याकडे कूच करून नानासाहेब पेशव्यांच्या नावाने द्वाही फिरवावयाची, असा तो बेत होता.

पुढची हकीकत थोडक्यात सांगावयाची तर लष्करी न्यायालयापुढे खटला चालला. सय्यद हुसेन हा मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार, आणि मंगल गडिया हा शिपाई, या दोघांना मृत्यूची शिक्षा झाली; इतर काहींना काळ्या पाण्यावर धाडण्यात आले. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी, दिवाळी तोंडावर आली असताना, किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेड मैदानावर त्या दोघांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्या विस्तीर्ण मैदानाचाच एक भाग आज आझाद मैदान या नावाने ओळखला जातो. एक मुसलमान व एक हिंदू, दोघे एकाच वेळी, एकाच कारणासाठी गेले. ज्या मैदानावर पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीच्या सभा भरल्या, त्या मातीत त्यांचे रक्त आधीच मिसळलेले होते.

या ठिकाणी चरित्रलेखकाची कसोटी लागते. पोलीस अधिकारी या नात्याने फोर्जेटने आपले कर्तव्य चोख बजावले, यात शंका नाही. लक्षावधी माणसांचे शहर लुटालुटीतून व कत्तलीतून वाचले, हेही खरे. कारण बंड झाले असते तर त्यामागून येणारा सूड मुंबईने सोसला असता, आणि तो सूड कसा असे हे दिल्ली व कानपूर यांनी पाहिले आहे. परंतु ज्या राज्याचे रक्षण त्याने केले ते परक्याचे होते, आणि ज्यांना त्याने पकडून दिले ते आपल्या देशासाठी उठू पाहत होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एकीसाठी दुसरी झाकली तर इतिहासाशी प्रतारणा होईल. ज्या घरात फोर्जेटची बुद्धी वाखाणली जाईल त्याच घरात सय्यद हुसेन व मंगल गडिया यांची नावेही मुलांना सांगितली गेली पाहिजेत, असे मला वाटते. रस्ता एकाच्या नावाचा झाला; आठवण तिघांचीही राहावी.

बंडाचा वणवा शमल्यावर सरकारने फोर्जेटचे आभार मानले. मुंबईच्या युरोपियन व देशी व्यापाऱ्यांनीही त्याला मानपत्रे व थैल्या अर्पण केल्या. सनदी वर्गाबाहेरचा, मिश्र रक्ताचा अधिकारी, आणि त्याचा सत्कार शहरातील सर्व जातिधर्मांच्या धनिकांनी करावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. व्यापाऱ्याला पेढीचे कुलूप रात्री सुरक्षित राहिले म्हणजे राजा कोण याची फारशी फिकीर नसते, असे कोणी म्हणेल. आणि त्यातही थोडे सत्य आहे.

फोर्जेटची दृष्टी केवळ चोर-दरोडेखोरांपुरती नव्हती. किल्ल्यात टाऊन हॉलसमोर एक मोठे मोकळे पटांगण होते. त्याला बॉम्बे ग्रीन म्हणत. कापसाच्या गठ्ठ्यांनी ते वर्षानुवर्षे व्यापलेले असे. पुढे कापूस कुलाब्याकडे हलविला गेल्यावर ती जागा धुळीने व कचऱ्याने भरून गेली. या जागेभोवती वर्तुळाकार, एकसारख्या इमारती उभारून मध्ये बाग करावी, ही कल्पना फोर्जेटची. लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी ती उचलून धरली आणि त्यांच्यामागून आलेले गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनीही तिला पाठिंबा दिला. ती जागा घेऊन तिचे तुकडे पाडून ते इमारतींसाठी विकण्यात आले, आणि त्या व्यवहारात नफाही झाला. अशा रीतीने एल्फिन्स्टन सर्कल उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर त्याला बॉम्बे क्रॉनिकल पत्राचे संपादक व हिंदी स्वातंत्र्याचे कैवारी बी. जी. हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले. आज हॉर्निमन सर्कलच्या बागेत दुपारच्या उन्हात विसावा घेणाऱ्या कारकुनाला ही सावली एका पोलीस अधिकाऱ्याच्या डोक्यातून उगवली, असे सांगितले तर खरे वाटणार नाही.

त्या वर्षांत मुंबईचे रूप झपाट्याने पालटत होते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली होती. १८५७ साली विश्वविद्यालय स्थापन झाले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस बंद पडून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. किल्ल्याचे तट पाडण्यास आरंभ झाला. १८६३ साली गोविंद नारायण माडगावकर यांचा मुंबईचे वर्णन हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो याच बदलत्या शहराचा आहे. पैशाबरोबर माणसे आली आणि माणसांबरोबर गुन्हेही आले. १८६४ च्या गणतीत वस्ती आठ लाखांवर गेली. अशा वाढत्या शहराचा बंदोबस्त उभा करून देऊन फोर्जेट सेवानिवृत्त झाला व इंग्लंडला गेला. तेथे त्याने हिंदुस्थानातील आपल्या अनुभवांवर एक पुस्तक लिहिले, ते १८७७ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. मुंबईच्या कटाची त्याने स्वतः सांगितलेली हकीकत त्यात आहे. १८९० साली त्याचे निधन झाले. ज्या देशात तो जन्मला, वाढला, ज्याच्या भाषा बोलला, त्या देशात त्याची शेवटची वर्षे गेली नाहीत.

त्याच्यामागून १८६४ साली सर फ्रँक साउटर हे मुंबईचे पोलीस कमिशनर झाले व १८८८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ २४ वर्षे, त्या जागेवर राहिले. मुंबईच्या पोलीस कमिशनरांची यादी साउटर यांच्यापासून सुरू होते, त्यामुळे फोर्जेटचे नाव त्या यादीत आढळत नाही. घराच्या दारावर नाव मालकाचे असते, पाया खोदणाऱ्याचे नसते, तसाच हा प्रकार. पुढे क्राफर्ड मार्केटसमोर पोलिसांची भव्य कचेरी उभी राहिली आणि १८९६ पासून कारभार तेथून चालू लागला. अखेर १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा जे. एस. भरुचा हे पहिले हिंदी कमिशनर म्हणून त्या खुर्चीवर बसले. भंडारी मिलिशियाच्या काठीपासून निघालेला प्रवास अडीचशेहून अधिक वर्षांनी पुन्हा आपल्या माणसाच्या हाती आला.

फोर्जेटच्या काळी आपले गोराई गाव मुंबईच्या हद्दीत नव्हते. साष्टीचा हा सारा किनारा ठाणे जिल्ह्यात मोडत होता. खाडीपलीकडे त्याचा हुकूम चालत नव्हता. आज मात्र होडीने खाडी ओलांडून येणाऱ्या माणसाला इकडच्या काठावरही मुंबई पोलिसांचाच गणवेश दिसतो. मुंबई वाढत वाढत आपल्या दारी आली, आणि तिच्याबरोबर तिचे चांगले-वाईट दोन्ही आले. पूर्वी गावात परका माणूस आला तर बंदरावरच्या म्हाताऱ्याला त्याचे कुळ-मूळ विचारल्याशिवाय चैन पडत नसे. आता सुट्टीच्या दिवशी हजारो परकी माणसे किनाऱ्यावर येतात. बंदोबस्ताचा प्रश्न आता आपलाही प्रश्न झाला आहे, म्हणून या जुन्या चरित्रातून काय घ्यावे हे पाहणे अगत्याचे आहे.

आपल्या ज्ञातीतील जे तरुण पोलीस खात्यात आहेत अथवा जाऊ इच्छितात, त्यांच्यासाठी या चरित्रात दोन धडे आहेत, एक घेण्याचा व एक टाकण्याचा. घेण्याचा धडा असा की, लोकांची भाषा आल्यावाचून लोकांचे रक्षण करता येत नाही. आज मुंबईच्या वस्तीत किती बोली बोलल्या जातात, ते मोजणेही कठीण. जो शिपाई खाडीकाठच्या कोळणीशी तिच्या बोलीत, उत्तरेकडून आलेल्या मजुराशी त्याच्या बोलीत चार शब्द बोलू शकतो, त्याला जी बातमी कळते ती दंडुका आपटणाऱ्याला कधी कळत नाही. शाळेत मराठी व हिंदीचा तास कंटाळवाणा म्हणून टाळणाऱ्या मुलांना, एका भाषांतरकाराने भाषेच्या बळावर एवढे शहर सांभाळले, ही गोष्ट वडीलधाऱ्यांनी अवश्य सांगावी. मी आयुष्यभर वर्गात मुलांना व्याकरण शिकविले. त्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

टाकण्याचा धडा फाशीच्या खांबाचा. धाकाने शांतता राहते, पण ती पाण्यावरच्या शेवाळासारखी. वरून हिरवीगार दिसते, खाली पाणी हलतच असते. फोर्जेट ज्या राज्याचा नोकर होता त्या राज्याला लोकांची संमती नव्हती, म्हणून त्याला खांब उभारावा लागला. आजचा पोलीस लोकांनी निवडलेल्या राज्याचा सेवक आहे. कायदा त्याच्या पाठीशी आहे आणि कायदा त्याच्या डोक्यावरही आहे. त्याला भिंतीला भोके पाडून ऐकण्यापेक्षा दार उघडे ठेवून ऐकण्याची सवय हवी. ज्याच्या चौकीत गरीब बाई न घाबरता पाऊल टाकते तो खरा पोलीस, मग त्याच्या नावाचा रस्ता होवो अथवा न होवो.

माहीम, शिव, शिवडीच्या ठाण्यांवर रात्र जागविणाऱ्या आपल्या पूर्वजांपैकी एकाचेही नाव आज कोणास सांगता येत नाही. त्यांच्या नावाचा रस्ता नाही, पुतळा नाही. तरीही त्यांनी बेटावर गस्त घातली म्हणून लोक निश्चिंत निजले. आपल्या मुलांपैकी जो कोणी यापुढे तो गणवेश अंगावर चढवील, त्याने फोर्जेटची हुशारी घ्यावी, आणि निष्ठा मात्र त्या अनाम भंडारी पहारेकऱ्यांप्रमाणे आपल्या माणसांशी ठेवावी, एवढीच प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.